शेवटच्या घराचं पाणी

१ मार्च, रविवार

आलो एकदाचे तिसगावात. टेम्पोवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला आणि वर मलाच समजावलं की तीन पायांवरही कपाट छान उभं राहतं. तरी मन प्रसन्न आहे. घर दोन खोल्यांचंच, पण पुढे ऐसपैस ओटा, मागे मोरी आणि गच्चीवर पाण्याची काळी टाकी. उद्यापासून मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणार, अनिमेष रोज मोटारसायकलने नगरच्या कारखान्यात जाणार. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं स्वतंत्र बिऱ्हाड, त्यामुळे आम्ही दोघंही उगाचच हसतोय.

गल्ली इथेच संपते. आमचं घर शेवटून दुसरं, आणि शेवटचं मुक्ताबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, पाठीत वाकलेल्या, पण जिभेने ताठ. संध्याकाळी कमरेवर भरलेली कळशी घेऊन आल्या. नळाला पानी बुधवारी येनार, तवर काय कोरडंच ऱ्हानार व्हय, असं म्हणून कळशी ओट्यावर ठेवली. मी आभार मानले तर हसायलाच लागल्या. मी त्यांना आजी म्हणायचं ठरवलंय.

४ मार्च, बुधवार

पाणी आलं, असं इथे म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात नळातून एक दोरा लोंबला. बादली भरेपर्यंत चहा झाला, पिऊनही झाला. टाकीत तर थेंब चढला नाही. मी डोक्याला शाम्पू लावून बसले होते, शेवटी पिण्याच्या पाण्याने केस धुतले आणि कॉलेजला उशिरा पोचले.

अनिमेषने व्हिडिओ बघून नळाची जाळी जुन्या टूथब्रशने घासली. काही फरक नाही. समोरची मोनिका म्हणाली, इथं दाब न्हाईच, मोटर लावा न्हाईतर अशाच बसा. आजींचा उपाय साधा आहे. त्यांचा नळ ओट्याखालच्या खड्ड्यात, जमिनीच्या पातळीला. त्याला हिरवा पाईप, आणि पाईपचं टोक कायम रांजणात बुडवलेलं. पाणी कधी सुटेल त्याचा नेम नाही आणि पळायला पायात बळ न्हाई, म्हणून. एका पाण्यात त्यांचा रांजण भरतो आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरतो. आम्हीही खड्डा घ्यावा असं त्यांचं म्हणणं. अनिमेषला खोदकामाचा कंटाळा.

९ मार्च, सोमवार

काल कल्याण प्लंबरने मोटर बसवली, थेट नळाच्या लाईनवर. ग्रामपंचायतीची बंदी आहे, पण गल्लीत समदेच लावत्यात मॅडम, म्हातारी तेवढी न्हाई, असं त्याने सांगितलं. वर डालगं पालथं घालून ठेवलंय, कोणी विचारलं तर खाली कोंबडी आहे.

आज सकाळी पाणी आलं ते धो धो. टाकी भरून वाहिली. मी दोनदा केस धुतले, पडदे धुतले, ओटा धुतला. इतका आनंद मला पगार झाल्यावरही होत नाही.

दुपारी आजी आल्या. तुमाला आलं का गं पानी, आमच्याकडं आज टिपूस न्हाई, असं विचारत होत्या. माझ्या डोक्याला ओला टॉवेल होता. मी म्हणाले, आम्हालाही जेमतेमच. त्या बरं म्हणून निघून गेल्या. खोटं बोलायची गरज नव्हती, एक घागर देता आली असती. पण घागर दिली असती तर ती कुठून आली हेही सांगावं लागलं असतं. दिवसभर मनाला लागून राहिलं आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आज पहिल्या बादलीत तुळशीची पानं आली आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा. पाण्याला चुलीच्या धुराची चव. आमच्याकडे ना चूल ना तुळस. कल्याणला फोन केला तर तो हसला. मोटर दमदार असली की पुढच्या घरचं भरलेलंबी वढून घेती, त्यांचा पाईप रांजनात बुडालेला असंल, असं म्हणाला आणि काम चांगलं झाल्याचं समाधानही त्याला वाटलं असावं.

म्हणजे मी त्यांचं येणारं पाणी तर अडवलंच, साठवलेलंही ओढून घेतलं. संध्याकाळी बघते तर आजी रांजणाला बाहेरून सिमेंट लावत होत्या. रांजन गळतोय, काल मोनिकानं दोन घागरी दिल्या त्याबी गेल्या, असं सांगत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहून सिमेंटमध्ये पाणी जास्त झालंय का ते बघितलं. मी चोर आहे, हे इथे तरी सरळ लिहिते.

मोटर बंद करायची. अनिमेष म्हणतो, पाडव्याला त्याची आई येतेय, एवढं होऊ दे.

१८ मार्च, बुधवार

लावली. शेवटचं एकदाच म्हणून लावली. बटण दाबायच्या आधी आजींच्या दारात जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की पाईप रांजणाबाहेर काढून ठेवा. एक वाक्य. त्या का म्हणून विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून गेले नाही. लाज वाटते ती त्यांच्या पाण्याची कमी आणि पकडले जाण्याची जास्त, हेही मला कळतं.

पाणी कोमट होतं. अंगाच्या उबेचं. टाकी भरत आली तेव्हा तोटीतून खोकला ऐकू आला. पाईपमध्ये हवा अडकली की आवाज येतो हे मला माहीत आहे. पण हा आजींचा खोकला होता, शेवटी कण्हतात त्यासकट.

१९ मार्च, पाडवा

सासूबाईंनी आल्याआल्या माझे गाल धरले. तिसगावचं पाणी मानवलं म्हणे. आरशात बघितलं. खरंच चेहरा भरलाय, कातडी तुकतुकीत झालीय.

आजी दुपारी आल्या, आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. आठवड्यात माणूस एवढं वाळत नाही. ओठांना भेगा, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिलेली. कांदा चिरला तरी डोळ्याला पानी येत न्हाई बग, असं त्यांनी गमतीत सांगितलं. सासूबाई हसल्या. मी वाटीत श्रीखंड दिलं, पण त्यांना गिळवेना. ते त्यांनी तोंडातून पदरात काढून घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून लपवून.

२१ मार्च, शनिवार

कल्याणला बोलावून मोटर काढली. तो घेऊन गेला.

तासाभराने मोरीत पाण्याचा आवाज. आज पाण्याचा दिवस नाही, मोनिकाच्या नळाला थेंब नाही. आमचा नळ पूर्ण दाबाने वाहतोय. तोटी आवळली, तरी येतंय. लाईनची चावी फिरवली, तरी येतंय. अनिमेष म्हणतो, चावी खराब असेल. मी ओंजळीत घेऊन चव बघितली.

खारट आहे. कांदा चिरताना ओठांवर येतं तसं.

२३ मार्च, सोमवार

आज गेले. आजी ओट्यावर आडव्या होत्या. पाय धरले आणि सगळं सांगितलं, मोटर, पाईप, रांजण, टॉवेल, सगळं. त्यांनी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, आगं मग आदीच सांगायचं, पाईप काढून ठिवला असता मी.

पाईप मी काढून फेकला. घरून तांब्या भरून आणला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तांब्या ओठाला लावला. पाणी खाली गेलं. तांब्यातल्या तांब्यात खाली गेलं, ओठ ओले न होता. माझ्या डोळ्यांसमोर तळ दिसला. दुसऱ्यांदा भरून आणला, तेच. तिसऱ्यांदा भरायला उठले तर अनिमेषने पलीकडून हाक मारली, की टाकी वाहतेय, तू काही सुरू केलंस का.

मी त्यांना पाणी देऊ शकत नाही. दिलेलं माझ्याकडेच येतं.

२५ मार्च, बुधवार

मोनिका आजींना नगरला दवाखान्यात घेऊन गेली. मी गाडीपर्यंत गेले, आत बसायचं धाडस झालं नाही.

मोनिकाचा फोन. सलाईन लावलंय, बाटली संपती पन अंगात काय ऱ्हात न्हाई, डॉक्टरबी चक्रावलेत. दुसरी लावली. इथे नळाला जोर आला. तिसरी लावली. इथे पुन्हा. मला तिने सांगायच्या आधीच कळतं, बाटली कधी बदलली ते.

टाकी वाहतेय, गच्ची वाहतेय, जिन्यावरून खाली. अनिमेष आईला सोडायला गेलाय. मी कोरडी जागा शोधतेय बसायला.

२६ मार्च

सकाळी तोटीवर तळहात दाबून धरला. सगळा भार टाकून. थांबलं. पाच मिनिटांत मोनिकाचा फोन, आजीनं डोळं उघडलं, पानी मागितलं, पेल्या — घोट पोटात राहिला.

म्हणजे जमतंय. दाबून धरलं की जमतंय.

डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय. आतून जोर लावतंय. कोमट.

दुपार

चादर कोंबली, ती फेकली गेली. हातच लागतो. माझाच हात. मघाशी एकदा निसटला — थोडंच सांडलं — आजी, मी पुन्हा धरलंय, बघा, धरलंय —

मोनिकाचा फोन उचलता येत नाही. हात —

तहान लागलीय. समोर एवढं वाहतंय आणि ते प्यायचं नाही. नाही पिणार.

—

हाताखालचा जोर कमी झाला. मला वाटलं, दोघी सुटलो. वाटलं, त्यांनी माफ —

नाही.

हात काढला. करंगळीएवढी धार. आता त्याहून कमी. आतलं संपत आलंय. मी सगळं ओढून —

फोन वाजतोय. वाजू दे. उचलला की खरं होईल.

येतंय तोवर त्या आहेत. मी हात जोडून बसलेय नळासमोर, येत राहा म्हणून, पंधरा दिवस जे चोरलं तेच अजून मागतेय —

थेंब.

थांबू नका आजी. या. अजून थोडं. अजून ए