डावीकडे ओढणारी गाडी

४ फेब्रुवारी

पाडलं तिने मला. दारातच! समोरच्या इमारतीतले सगळे गॅलरीत येऊन उभे.

गल्लीतून वळून फाटकात शिरायचं, एवढंच तर होतं. किती वर्षं शिरतेय. क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक हलकेच लावलेला, नजर फाटकाच्या आत — सगळं बरोबर केलं. आणि मध्येच डावीकडे कलली ती कललीच. मोटारसायकलचं एवढं धूड एकदा कललं की कोणाच्या बापाला सावरत नाही, फक्त आपला पाय खालून काढायचा. काढला, म्हणून लिहायला बसलेय.

वॉचमन आणि नवरा, दोघांनी मिळून उभी केली. नवरा म्हणाला, "वय झालं आता." कोणाचं ते बोलला नाही. गाडीचंच झालंय.

६ फेब्रुवारी

गुडघा काळानिळा. दिवसभर दुकानात स्टुलावर बसून चष्मे दाखवले. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं? जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. गाडीवरून म्हटलं की लगेच "या वयात?" सुरू होतं. नकोच ते.

९ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे नेली. जाताना नीट लक्ष ठेवलं. मोठ्या गाडीचं एक असतं — चालत्या माणसाच्या वेगाला म्हैस, आणि एकदा वेग धरला की पिसासारखी. तेव्हा तिला वळवायला जोर लागत नाही. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल जरासं पुढे ढकलायचं, की ती स्वतःच झुकते आणि जाते. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण चालवणाऱ्याला माहीत असतं. तर आता सरळ रस्त्यावरसुद्धा ते उजवं हँडल मला सारखं ढकलत राहावं लागतं. सोडलं की चालली डावीकडे!

मिस्त्रीने हवा बघितली, हँडलचं बेअरिंग बघितलं, पुढचे शॉकअप बघितले. दोन्ही चाकांना दोरी ताणून बघितली. दोरी सरळ. मग एक फेरी मारून आला. म्हणे, "ताई, काही नाही हिच्यात."

काही नाही कसं? इतकी वर्षं माझी गाडी याच्या हाताखालून जाते, मी सांगितलेला खडखडाट याने कधी खोटा पाडला नव्हता. आता काम अर्धं आणि मोबाइल पूर्ण. मन उडालं त्याच्यावरून.

१२ फेब्रुवारी

ठरलं. विकायची. आणि नवी घ्यायची — थोडी हलकी, पण लांबच्या प्रवासाचीच.

नवऱ्याला पहिलं वाक्य ऐकवलं तेव्हा तोंड उजळलं. दुसरं ऐकवल्यावर टीव्हीचा आवाज वाढवला. जेवताना म्हणतो, विकतेस ना, मग नवी कशाला? आपण आता कारने जाऊ. कारने! हा शेजारच्या सीटवर घोरणार आणि मी काचेतून डोंगर बघणार.

गाडी गेली तर उरतं काय माझ्याकडे? दुकान, स्वयंपाक आणि याच्या गोळ्यांच्या वेळा. वर्षातून दोनदा मी हेल्मेट घालून लांब निघते आणि मग आठवडाभर मला कोणी हाक मारत नाही. तेवढ्यावर बाकीचं वर्ष ढकलते मी. ते सोडणार नाही. जीव गेला तरी नाही.

१४ फेब्रुवारी

जाहिरातीसाठी फोटो. गाडी मेन स्टँडवर उभी, वर मी. नवऱ्याने काढलेल्या एकूण एक फोटोत मी एका अंगाला झुकलेली. म्हटलं, मोबाइल सरळ धरता येत नाही का तुला? तर म्हणतो, मागची खिडकी बघ की, सरळ आहे. वाद घालायला नुसता पुढे! शेवटी एकट्या गाडीचा फोटो टाकला.

१७ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. दोघं मेव्हणे-मेव्हणे. आल्याआल्या नवऱ्याला विचारलं, "काका, लांबच्या रस्त्याला कशी वाटते?" ज्याला न्यूट्रल सापडत नाही त्याला! आणि हा काका पोट आत घेऊन सांगतो, मस्त आहे. मी म्हटलं, मी चालवते. दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

मग मी खरं ते सांगितलं. टायर नवे आहेत, इंजिनाला हात लावायची गरज नाही, पण डावीकडे ओढते. कारण सापडलेलं नाही. दोघं एक फेरी मारून आले, म्हणाले कळवतो. अजून कळवतायत.

नवरा तणतणला. तुला कोणी विचारलं होतं? भाजीवाला कधी सांगतो का, वांगं किडकं आहे म्हणून? माझ्या दुकानातून आजवर वाकडी फ्रेम घालून कोणी बाहेर गेलेलं नाही. गाडीवर तर माणसाचा जीव असतो. ज्याला देईन त्याला सांगूनच देईन.

२० फेब्रुवारी

नणंद आली होती. भावाने सगळं ओकलेलं होतंच. चहा पिता पिता हसून म्हणते, "वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं!"

हिला आयुष्यात सायकल आली नाही. रिक्षात बसली तरी दांडा धरून डोळे मिटते. आणि मला शिकवते! दुसरा कप विचारला नाही. बसली वाट बघत.

पण रात्रभर डोक्यात तेच. इतके घाट उतरले, पावसात, अंधारात, मागे सामानाच्या पेट्या भरलेल्या. मला नाचता येत नाही?

२२ फेब्रुवारी

हल्ली चष्म्याचे स्क्रूसुद्धा असले करतात! बोटांत ठरतच नाहीत. गिऱ्हाईक बिचारं फरशीवर वाकून शोधत होतं. लाज वाटली.

२५ फेब्रुवारी

एक जाकीटवाला आला. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, हेल्मेटवर कॅमेरा. म्हटलं, जाकीट पुरे झालं, आधी गल्लीत वळवून दाखव. बजावून सांगितलं, जिथे जायचंय तिथे बघ, गटाराकडे बघू नकोस. हळू वळताना पुढचा ब्रेक मारू नकोस. माणूस बघतो तिकडे गाडी जाते, हा नियमच आहे. याने गटाराकडेच बघितलं. आणि घाबरून पुढचाच ब्रेक आवळला! वॉचमन धावला म्हणून वाचली.

वर मलाच म्हणतो, गाडी जड आहे हो काकू. मग काय उशी घ्यायला आला होतास? हाकललाच.

डावीकडे ओढते का, विचारलं होतं जाता जाता. म्हणे, तेवढं लक्ष नव्हतं.

२ मार्च

गेली गाडी.

ड्रॉइंगच्या बाई आल्या होत्या. शाळेत शिकवतात, चाळिशीच्या असतील. स्कूटरवर मागे नवरा बसलेला, गुपचूप. सगळं मला विचारलं, माझ्या नवऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिथेच अर्धी मनात भरली. गल्लीत वळवली — मान पूर्ण फिरवलेली, मागचा ब्रेक दाबून, एकाच चालीत. पाय टेकला नाही. मी बघत राहिले. अशीच वळवायचे मी.

ओढते ते सांगितलं. हायवेला जाऊन आल्या. म्हणाल्या, "मला नाही हो जाणवलं." म्हटलं, पेट्या रिकाम्या आहेत, भरल्यावर जाणवेल. तरी घेतली. मग माहीत होतं ते सगळं सांगत बसले. जड सामान खाली, बाजूच्या पेट्यांत, दोन्हीकडे सारखं. मागच्या वरच्या पेटीत फक्त कपडे, नाहीतर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. ट्रक शेजारून गेला की वारा ढकलतो, तेव्हा हात ताठ करायचे नाहीत. बाई मान डोलवत होत्या. त्यांना बहुतेक सगळं आधीच माहीत होतं, पण ऐकून घेतलं.

निघाल्या तेव्हा फाटकापाशी उभी होते. माझ्या गाडीवर दुसऱ्या कोणाची पाठ — बघवेना. आत येऊन रडले. भरपूर रडले. नवरा दारात आला आणि तसाच परत गेला. काही विचारलं असतं तर भांडलेच असते.

६ मार्च

बाईंचा फोन. पेट्या भरून, नवऱ्याला मागे बसवून घाट चढून-उतरून आल्या. आवाजात नुसता आनंद. म्हणाल्या, "ताई, मुद्दाम सांगायला केला फोन. सुतासारखी सरळ जाते. हँडलवर नुसते हात ठेवून बसले होते मी."

बरं म्हटलं आणि ठेवला. मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या का? की त्यांना कळतच नाही? पण कळतं त्यांना. ते मी बघितलंय.

नवरा समोरच बसला होता. त्याच्यावरच ओरडले. मिस्त्री तेच म्हणतो, बाई तेच म्हणतात, तुझी बहीण तर म्हणतेच म्हणते. सगळे शहाणे आणि मी एकटी वेडी का? माझ्या हातांना कळतं! उद्या जाते शोरूमला. नवी दारात आणून उभी करते आणि मग बघते कोण काय बोलतं ते.

७ मार्च

नवी चालवून बघितली. कोरी करकरीत, सीटवरचं प्लास्टिक माझ्यासमोर काढलं त्यांनी.

हीसुद्धा डावीकडे ओढते.