तुटका पाना आणि रक्ताचा फडका

बाबा,

दुसरा पाना न्यायला धावत घरी आले तर तुम्ही झोपलेले, म्हणून लिहून ठेवतेय.

माझा बावीस नंबरचा पाना तोडलात आणि गुपचूप पेटीच्या तळाशी दडवलात. सकाळी गिऱ्हाईकासमोर पेटी उघडली तर हातात अर्धाच पाना! गंजलेल्या नटाला आधी तेल पाजायचं, पान्यावर पाइप चढवून जोर करायचा नाही, हे तुम्हीच माझा कान पिळून शिकवलंत ना?

पाना गेला खड्ड्यात. त्याच्याखाली रक्ताने माखलेला फडका सापडला. पाना तुटताना हात कापला, तेही लपवलंत. तुमचा हात थरथरतो हे मला दिसत नाही, असं वाटलं का?

चार वाजता डॉक्टरांकडे जायचंय. तयार राहा. घरच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलंय. शिव्या द्यायच्या तर वाटेत द्या, ऐकून घेईन; पण गाडी मागे वळवणार नाही.

तुमची थोरली