सत्तावीस तारखेचा गुडघा

रविवार, अकरा तारीख

तीर्थरूप अण्णांना नमस्कार,

आणि ऑपरेशन टाळायला ते साखरेचं कारण मला सांगू नका. अक्काने रिपोर्ट फोनवर वाचून दाखवलाय, उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही. डॉक्टरला चालतंय, भूल देणाऱ्याला चालतंय, फक्त तुम्हाला चालत नाही. हेच फोनवर बोलायला गेलो तर तुम्ही "बरं, ठेव" म्हणून मोकळे होता. म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. चष्मा लावून तुम्हीच वाचा, अक्काकडे देऊ नका. का ते पुढे कळेल.

बाकी मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीत आता आम्ही तिघंच आहोत, त्यामुळे आंघोळीला रांग लागत नाही. आईला सांगा, तिने दिलेली चादर वापरतो, घडी करून ठेवलेली नाही.

अण्णा, अकरा वर्षं झाली. जिना उतरताना तुम्ही कठडा धरून खेकड्यासारखे आडवे उतरता. दाराची बेल वाजली की तुम्ही खुर्चीतून उठेपर्यंत आलेला माणूस निघून जातो. डॉक्टरने गुडघ्याचा फोटो दिव्यावर लावला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तो म्हणाला, "मधली गादी संपली आजोबा, आता हाडावर हाड घासतंय." तुम्ही म्हणालात, "बत्तीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवल्या, कुठल्या तरी घरात राहिली असेल ती गादी." तो हसला.

पण गुडघा बदलायची तारीख मिळाली आणि काय तुमचा थाट. घरात लग्न निघाल्यासारखं करून सोडलंत. पलंगाखाली विटा लावून तो उंच केलात, वर तुमची पाणसळ ठेवून, बुडबुडा मधोमध येतो का ते बघत चारी बाजूंनी तपासलात. दोन धाग्यांएवढा कलता निघाला म्हणून सुताराला परत बोलावलंत. संडासात धरायला दांडी बसवून घेतलीत. आणि नाडीचे बूट आणलेत. अकरा वर्षं वाकता येत नाही म्हणून चपला घालणारा माणूस नाडीचे बूट आणतो आणि खोका उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. आई म्हणाली, "नवरदेव झालेत नुसते."

मग गेल्या महिन्यात मी चार दिवस येऊन गेलो आणि तुमची साखर वाढली.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. खाली जाऊन चौकापर्यंत दोन चकरा मारून आलो. एका जागी बसून लिहिणं काही माझं काम नाही. पण आता पुढचं लिहितो.

साखर कशाने वाढली ते मला माहीत आहे. अक्काचं नवीन स्वयंपाकघर बघायला आपण सगळे गेलो होतो. मी अनवाणी होतो. ओट्याजवळ टाच आपटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही फरशी कोपऱ्यात पोकळ आहे, खाली माल नीट भरला नाही." व्हॅन चालवणाऱ्याला फरशीतलं काय कळतं म्हणून दाजी म्हणाले, "मेहुणे, तुमच्या व्हॅनचा ब्रेक टाचेत असतो वाटतं?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही काठीने तीच फरशी ठोकून पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत. जेवून उठताना मी मांडीवर हात रेटून उठलो, तेही तुम्ही पाहिलंत. तसं आपल्या घरात एकच माणूस उठतो.

तर ऐका. घरी सांगितलं तशी मी व्हॅन चालवत नाही. पहिले पाच आठवडे चालवली, मग ते दुकान बंद पडलं. त्यानंतर तीन वर्षं मी फरशा बसवतो. निघताना तुम्ही म्हणाला होतात, "चोरी सोडून काहीही कर, पण गुडघ्यावर बसून पोट भरू नकोस." मी काय करू? शाळा कुठवर केली ते तुम्हाला ठाऊक आहे. हाताला दुसरं काही येतच नाही. थापी हातात घेतली तेव्हा मुकादमाने विचारलं, कुठे शिकलास. मी म्हटलं, कुठेच नाही, नुसतं बघत होतो. तुम्ही शिकवलं नव्हतंत ना.

तुम्ही अक्काला सांगितलंत, "त्याचे गुडघे विकून माझा गुडघा बसवायचा नाही. त्याचे भरलेले पैसे परत आण." ती रडत होती फोनवर. आता ऐका, तिने पैसे परत आणलेले नाहीत. तारीखही रद्द केलेली नाही. रद्द केली असं तुम्हाला सांगितलं फक्त. सत्तावीस तारीख अजून तुमच्याच नावावर आहे. तिला रागावू नका, हे मी फोडलंय.

तुम्ही म्हणाल, पोरगं पुन्हा थाप मारतंय. नाही. आम्हाला जाड रबराचे पट्टे मिळतात गुडघ्याला बांधायला, तुमच्या वेळी पोत्याची घडी होती. पण एक खरं सांगतो, आईला सांगू नका. पावसाळ्याच्या आधी एका सात मजली इमारतीचा जिना केला, तेव्हापासून डावा गुडघा संध्याकाळी सुजतो. इथल्या डॉक्टरला दाखवला. त्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, "अजून वेळ आहे." कशाला वेळ आहे ते विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून तुमच्या ऑपरेशनची तुमच्यापेक्षा मला जास्त घाई झाली आहे. अक्काला वाटतं मला तुमची काळजी आहे. आहे, पण नुसती तेवढीच नाही. मला बघायचंय की माणूस त्यातून उठतो. काठी न घेता गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तुम्ही चाललेले दिसलात तर माझी भीती जाईल. हे मी कुणालाच बोललो नाही. बुडबुड्यालाही नाही. हा माझ्या खोलीतला जोडीदार. सतत पाणसळीतल्या बुडबुड्याकडे डोळे लावून असतो म्हणून त्याचं नाव तसं पडलं.

तर मी मुकादमाला जाऊन भेटलो. आखणीचं काम द्या म्हटलं. फीत धरायची, रेघा मारायच्या, उभ्या मशीनवर फरशी कापून द्यायची. सगळं उभ्याने. तो म्हणाला, "पगार कमी पडेल. आणि तुला एका जागी उभं राहवतं का? तुला तर पायाला भिंगरी." मी म्हटलं, बघू. तीन आठवडे झाले. खरं सांगू, जीव जातो. दुसरा कुणी सांधा वाकडा भरतो आणि मला नुसतं बघत राहावं लागतं. परवा राहवलं नाही, खाली बसायला निघालो, तर बुडबुड्याने कॉलर धरून वर ओढलं. "बापाला शब्द दिलायस ना? ऊठ." मी म्हटलं, अजून दिला नाही, पत्र लिहायचंय. तो म्हणाला, "मग लिही की."

म्हणून लिहितोय. सत्तावीसला तुम्ही त्या टेबलावर आडवे झालात, तर मी उभाच राहीन. तुम्ही नाही गेलात, तर अठ्ठावीसला सकाळी मी पट्टे बांधून खाली बसणार. मुकादमाला तसं सांगून ठेवलंय, तोही वाट बघतोय, त्याला माझा हात हवाच आहे. आता तुमचं तुम्ही ठरवा. हट्टात तुम्ही मला हरवाल असं वाटत असेल तर मी कोणाचा मुलगा आहे ते आठवा.

पंचवीसला निघून सव्वीसला पोहोचतो. बूट दवाखान्यात नेऊ नका, तिथे लगेच घालू देणार नाहीत.

या वेळी पैसे नेहमीच्या निम्मे आहेत. काही अडचण नाही, आजारी नाही, उधळलेही नाहीत. उभ्याने एवढेच मिळतात.

तुमचा,
न शिकवलेला

सोबत: एकोणीस हजार.