इटलीत पाऊल न ठेवण्याच्या अटीवर

लुग्दुनुम, मार्चअखेर

ती. ताईस नुमेरियसचा सा. न. वि. वि.

तू खंडणी भरून मला जर्मनांच्या कैदेतून सोडवलंस. आता इथे इटलीबाहेरच एका कुंभाराकडे कामाला लागलोय. काल मालकाने भट्टीची लाकडं आणायला रानात नेलं, तर झाडांपाशीच पाय थिजले. गडी हसले, शिपाई झाडाला भितो म्हणाले. तसल्याच रानात आपल्या तीन पलटणी कापल्या गेल्या, हे त्यांना ठाऊक आहे.

जे जिवंत सुटले त्यांनी इटलीत यायचं नाही, ही सम्राटांची अट मीही ऐकलीय. तरी बर्फ वितळलं की डोंगरातली खिंड ओलांडून इटलीत, घरी येतो. आईला बघतो आणि परत फिरतो.

लोभ धरून ठेव.
नुमेरियस

एपोरेडिया, एप्रिल

चि. नुमेरियस यास अ. उ. आ.

डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? खिंडीच्या नाक्यावर तुला ओळखणारे चिक्कार आहेत. तू कामगिरीवर आहेस, रजा मिळत नाही, असं मी आईला सांगितलंय. तिला ते पटत नाही, सारखी दाराशी जाते.

शेजारच्या वरेनियाकाकूंचा स्पुरियस तुझ्याच पलटणीत होता, तो आला नाही. परवा विहिरीवर त्या म्हणाल्या, ह्यांचा बरा वाचला. मी घागर उचलली आणि घरी आले.

येऊ नकोस. माया आहे म्हणूनच रागावते.
तुझी ताई, ओकिया

एपोरेडिया, मे

चि. नुमेरियस यास अ. उ. आ.

काकूंनीच आईला सगळं सांगून टाकलं. आई माझ्यावर चिडली. मग म्हणाली, त्याला यायची बंदी आहे, मला जायची नाही ना? मी तिच्या गुडघ्यांची आठवण करून दिली, तर म्हणाली, मग खेचरं कशाला असतात?

आज लोकरवाल्यांबरोबर ती निघाली. ऐनवेळी काकूही गाठोडं घेऊन आल्या. त्यांना तुला स्पुरियसबद्दल विचारायचंय. टाळू नकोस.

ओकिया

लुग्दुनुम, जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोघी सुखरूप पोचल्या. आई माझा हात सोडेना.

काकूंसाठी लढाईतलं शूर मरण जुळवून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना. खरं ते सांगितलं. तो माझ्याबरोबर कैदेत होता, हिवाळ्यात तापाने गेला, मी जवळ होतो. त्यांनी एवढंच विचारलं, जेवायला मिळत होतं का त्याला? मी म्हटलं, शेवटी शेवटी नाही.

त्या उठल्या, चूल पेटवली, आणि मला म्हणाल्या, तू जेव.

आम्हा तिघांवर लोभ असू दे.
नुमेरियस