माहीत नसल्याचा दाखला

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार
गिरणीने निरोपादाखल दिलेली डायरी आज उघडली. कव्हरवर सोनेरी अक्षरांत कागदगिरणीचं नाव, आत नव्या वर्षाच्या तारखा. गिरणी जुन्या वर्षातच बंद झाली. असो. कागद चांगला आहे, आमचाच आहे.
झाडू घेऊन शिरलो होतो, फोरमन होऊन बाहेर पडलो. कुणाच्या वशिल्याने नाही. डोळे आणि कान उघडे ठेवून.
संकल्प: बावन्नाव्या वर्षी नवा धंदा. ट्रक. अठरा चाकी. प्रशिक्षणाची फी जिल्ह्याचं जॉब सेंटर भरतं. वर्ग ८ एप्रिलला सुरू. मालवाहतूक कंपनीचा माणूस म्हणाला, लायसन्स आण आणि किल्ली घे. बेकारभत्ता एप्रिलअखेर संपतो. म्हणजे सगळं जुळून आलंय.
बायकोला, मार्विसला, योजना सांगितली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात असते, मोठ्या गोष्टी तिला एकदम पेलत नाहीत. म्हणाली, आधी जागा तर मिळू दे.
जेवताना तिचं कोपर आजही माझ्या कोपराला लागलं. टेबल लहान आहे, जरा सावरून बस, असं तीस वर्षं सांगतोय.

६ फेब्रुवारी, बुधवार
जॉब सेंटर. तिथल्या मिस येटर. वय तिशीच्या आत, टेबलावर कॅक्टस. सगळी कागदपत्रं दिली. मग म्हणाल्या, लष्करभरतीची नोंदणी?
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
नियम असा: १९६० पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येक पोराने अठरा ते सव्वीसच्या दरम्यान सरकारकडे नाव नोंदवायचं. लढाईला कुणालाच बोलावलेलं नाही. पण यादीत नाव नसेल तर प्रशिक्षणाचे पैसे नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. स्टूबे, ऑर्लिन. नाही.
म्हटलं, मग आत्ता नोंदवा, पेन द्या. म्हणाल्या, सव्विशीनंतर घेत नाहीत हो. तुम्हाला जरा उशीर झालाय.
एकच वाट आहे. नियम माहीतच नव्हता म्हणून नोंदणी राहिली, असं लिहून द्यायचं आणि तुम्हाला ओळखणाऱ्यांकडून तसं लिहून आणायचं. माहीत असून टाळली असेल, तर फाइल बंद.
मी म्हटलं, मिस येटर, या गावात कुणालाही विचारा, ऑर्लिन स्टूबेला माहीत नाही अशी गोष्ट सापडायची नाही.
त्या म्हणाल्या, हे मात्र लिहू नका.

११ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी
निवेदन लिहायला बसलो. ‘मला माहीत नव्हतं.’ तीन शब्द. पेन अडलं. पेन जुनं आहे.
खरं म्हणजे १९८०च्या उन्हाळ्यात पोस्टात कार्ड भरून घ्यायची ही नोंदणी सुरू झाली, तेव्हा मी कामात होतो. या नोंदणीचं मला पहिल्यांदा कळलं ते सत्ताविसाव्या वर्षी, डुवेनच्या बारमध्ये. आणि ते तेव्हाच कळलं हे मी कुणाला कळू दिलं नाही. तिथे सगळे आपापल्या नोंदणीची रडगाणी गात होते. मी शांतपणे म्हटलं, मी तर कार्ड पोस्टमास्तरसमोर टराटरा फाडलं. डुवेनने बिअर स्वतःहून पुढे सरकवली.
तेव्हापासून ही हकीकत लोक मागून ऐकतात. इतक्या वेळा सांगितल्यावर ती थोडीफार घडलेलीच असणार.
जागेवरून उठून दोन सँडविच खाल्ली. निवेदन उद्या.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
निवेदन तयार. चार पानं. भाषा जोरदार. मार्विसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात तू नोंदणी करत नाहीस, करतोस, की पोस्टमास्तरला वाचवतोस, तेच कळत नाही.
साहित्य कळायला वेगळा कान लागतो.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
मिस येटरनी चारही पानं वाचली. म्हणाल्या, मिस्टर स्टूबे, ‘ही बातमी माझ्यापर्यंत येण्याचं धाडस करू शकली नाही’ म्हणजे काय? म्हटलं, म्हणजे माहीत नव्हतं. म्हणाल्या, मग तसं लिहा ना. म्हटलं, तसंच लिहिलंय, जरा इज्जतीत.
त्यांनी पानं परत दिली. सरकारचं ‘नोंद सापडत नाही’ असं पत्र यायला महिना लागतो, पण साक्षी आत्ताच आणा म्हणाल्या. जागा २९ मार्चपर्यंत राखून ठेवतील. मागे अकरा जण उभे आहेत, सगळे आमच्याच गिरणीचे.
साक्षीची चिंता नाही. गावात माझ्याइतकी माणसं कुणी जोडलेली नाहीत. एक डुवेन. दुसरे टोर्व्हाल्ड, माजी सैनिकांच्या हॉलचे प्रमुख. दर शुक्रवारी तिथे मासे तळतात आणि पिठात मासे बुडवण्याचं काम गेली पंधरा वर्षं माझं. एप्रनवर नाव आहे.
दोघांना सांगितलं, माझ्याविषयी चार चांगले शब्द लिहून थेट जॉब सेंटरला पाठवा. काय लिहायचं ते सांगितलं नाही. मित्रांना शिकवायचं नसतं.

५ मार्च, मंगळवार
मिस येटरचा फोन, ताबडतोब या. वाटलं, मंजुरी.
त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.
डुवेन लिहितो: ऑर्लिनसारखा छातीचा माणूस नाही. १९८० साली त्याने नोंदणीचं कार्ड पोस्टमास्तरच्या तोंडावर फाडून फेकलं. ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे आणि दर वेळी ती आणखी चांगली होत जाते.
टोर्व्हाल्ड लिहितात: ऑर्लिनसारखा देशभक्त नाही. गुडघ्यापायी सैन्याने त्याला चारदा परत पाठवलं. शहीददिनाला त्याला रडू आवरत नाही.
मिस येटरनी विचारलं, हा एकच माणूस आहे का?
म्हटलं, माणसाला अनेक बाजू असतात.
त्या म्हणाल्या, असतील, पण या दोन्ही बाजूंना नोंदणी चांगलीच माहीत आहे.
गुडघ्याचं मी बोललो होतो खरं. सैनिकांच्या हॉलमध्ये कार्ड फाडल्याचं सांगता येतं का? तिथे गुडघाच बरा. जागा पाहून बोलणं याला व्यवहार म्हणतात.

६ मार्च, बुधवार
डुवेनकडे गेलो. म्हटलं, ते पत्र मागे घे, तसं काही झालं नव्हतं. तो ग्लास पुसत होता, थांबला. म्हणाला, म्हणजे कार्ड फाडलं नाहीस? म्हटलं, कार्ड बघितलंच नाही. म्हणाला, लेका, पंचवीस वर्षं मी लांबून आलेल्या माणसांना तुझ्याकडे बोट दाखवून सांगतोय. तू मला गावभर खोटा पाडलास.
मग म्हणाला, पोस्टमास्तर तरी होता का?
म्हटलं, होता, होता. पोस्टमास्तर होता.

८ मार्च, शुक्रवार
मासे. बातमी माझ्याआधी हॉलमध्ये पोचली होती. माझा एप्रन दुसऱ्याच्या गळ्यात. माझं नाव त्याच्या पोटावर.
टोर्व्हाल्ड ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ऑर्लिन, गुडघा कसा आहे? आणि मला खुर्ची दिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी तिथे बसून जेवलो. पीठ पातळ झालं होतं.

१५ मार्च, शुक्रवार
गेलो नाही. पोट बरं नव्हतं. मार्विस म्हणाली, सकाळी सात पॅनकेक खाल्लेस. म्हटलं, म्हणूनच.
सरकारचं पत्र आलं. नोंद सापडत नाही, आता करता येणार नाही. सही कुणाची ते वाचता येत नाही.

१८ मार्च, सोमवार
मार्विस म्हणाली, मी लिहून देऊ का?
तिला समजावलं. हे शाळेच्या सुपाची चिठ्ठी लिहिण्यासारखं नाही. कायदा आहे, भाषा आहे. शिवाय बायकोची साक्ष धरत नाहीत. (असं कुठेतरी ऐकलंय.) तिने बरं म्हटलं आणि भांडी घासायला गेली. पटलं तिला.
नवं निवेदन सुरू केलं. ‘त्या काळी या भागात टपालव्यवस्था अत्यंत ढिसाळ होती.’ आमच्या घरापासून पोस्ट दिसायचं. खोडलं.

२५ मार्च, सोमवार
चार दिवस उरले. मालवाहतूक कंपनीच्या माणसाला फोन केला, प्रशिक्षणाशिवाय घेशील का? म्हणाला, आजोबा, कायदा आहे. आजोबा!
काल रात्रीही झोप नव्हती. मार्विस उठून दूध गरम करून आली. म्हणाली, ट्रक नाही मिळाला तर दुसरं बघू. म्हटलं, दुसरं म्हणजे काय? म्हणाली, आधी दूध पी. प्यालो.
आज शेवटी कागद घेतला आणि लिहिलं: मला माहीत नव्हतं. ऑर्लिन स्टूबे.
एक ओळ. जॉब सेंटरच्या पेटीत टाकून पळालो. मिस येटरनी काचेतून हात केला. मी पाहिलं नसल्यासारखं केलं.

२६ मार्च, मंगळवार
मिस येटरचा फोन. तुमचं निवेदन उत्तम आहे, पण नुसत्या तुमच्या शब्दावर वरचे ऐकणार नाहीत, फाइलमध्ये ती दोन पत्रं आहेतच. एखादा असा माणूस नाही का, जो १९८० साली खरंच तुमच्यासोबत होता?
म्हटलं, असं कुणी आठवत नाही.

२८ मार्च, गुरुवार
मंजूर!!
मिस येटर स्वतः म्हणाल्या, इतक्या लवकर मंजूर झालेली फाइल मी पाहिली नाही, वरच्या साहेबांनी दोनदा वाचून तिथेच सही केली. शेवटी सत्य बोलतं. माझ्या त्या एका ओळीत जोर होता, हे मला लिहितानाच जाणवलं होतं.
म्हणाल्या, तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा.
मिसेसचा काय संबंध?

२ एप्रिल, मंगळवार
फाइलची प्रत आणली. माझी ओळ वर आहे. तिच्याखाली मार्विसचा कागद. तारीख २६ मार्च. शाळेतून परस्पर जाऊन आली असणार. अक्षर नेहमीसारखंच गिचमिड, ओळभर शाई हाताने फासलेली. उतरवून ठेवतो, म्हणजे उत्तर देता येईल.
‘जुलै १९८० मध्ये मी पोस्टासमोरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. ऑर्लिन रोज दुपारी मला भेटायला यायचा आणि पोस्टाच्या काचेला टेकून उभा राहायचा. नोंदणीचं पोस्टर त्याच काचेवर होतं, हातभर मोठं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, तो ते वाचतोय. मग लक्षात आलं, तो काचेत बघून केस विंचरतोय.
रेडिओवर सांगत होते, चर्चमध्ये सांगत होते. त्याचा भाऊ जेवताना त्याच्याच समोर बसून आपल्या नोंदणीचं बोलला, मी तिथे होते. ऑर्लिनने मीठ मागितलं.
गिरणी बंद होणार ही नोटीस हजेरीच्या घड्याळावर सहा महिने लावलेली होती. शेवटच्या दिवशी घरी येऊन त्याने मला सांगितलं की, आज अचानक काहीतरी झालं.
तो खोटं बोलतो ते लोकांना बरं वाटावं म्हणून. टाळत तो काहीच नाही. त्याला दिसतच नाही. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून जेवते आहे. त्याला माहीत नव्हतं, अशी मी शपथ घेते. त्याला अजूनही पुष्कळ माहीत नाही.’
खाली सरकारी शिक्का: माहीत नसल्याचं निःसंशय सिद्ध.

३ एप्रिल, बुधवार
मार्विसला विचारलं, पुष्कळ म्हणजे काय काय? म्हणाली, सूप गार होतंय.
उत्तराचे चार मुद्दे काढले होते. पहिला: केस मी काचेत नाही, दरवाज्याच्या पितळेत विंचरायचो. बाकीचे सुचले नाहीत.

८ एप्रिल, सोमवार, सकाळी सहा
आज वर्ग. नवे बूट. संकल्प: शिकवणाऱ्याने विचारलं, हे कुणाला आधीच येतं का, तर हात वर करायचा नाही.
मार्विस माझ्या डब्यासाठी अंडी उलथतेय. बसून नीट पाहिलं. उलथणं डाव्या हातात. मीठ डाव्या हाताने. डब्याचं झाकणही डाव्या हाताने लावलं.
विचारलं, उजव्या हाताला काय झालं? दुखतोय का?
तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि हसायला लागली. डोळे पुसले, तेही डाव्याच हाताने.
संध्याकाळी जेवताना तिच्या उजव्या कोपराच्या बाजूला बसेन म्हणतो.