रिकाम्या गाडीचा आवाज

२ नोव्हें. २००८, रवि.
दरेकशाहून फोन. मावशीनं अंथरूण धरलंय, खात नाही. मायला जायचंय. मांडीचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रेल्वेची पायरी चढवत नाही, जीपची तर नाहीच. बसवतं ते फक्त आमच्या जुन्या डिझेल गाडीत, आणि गाडी पन्नासच्या वर गेली की मागच्या सीटखाली खडखड, पायाखालचा पत्रा थरथरतो. दोन मेकॅनिक झाले. क्लचप्लेट बदलली, चाकाचं बेरिंग बदललं. आवाज जिथल्या तिथं. सालेकशाच्या पुढे जंगलात मायला घेऊन अडकलो तर?

५ नोव्हें.
शेवटी कवडूभाऊंकडे नेली. फुलचूरच्या नाक्यावरचे मेकॅनिक, टिनाखाली बसतात. बॉनेट उघडलंच नाही. चपला काढून मागे बसले, तळपाय मधल्या उंचवट्यावर, ज्याच्या खालून शाफ्ट जातो. "तोंड बंद ठेवा अन् चालवा, गुरुजी." परतताना एकच प्रश्न: "धान भरलं रायते तवा वाजते का?"
आठवून पाहिलं. चोरखमाऱ्याकडच्या शेतातून पोती भरून येताना गाडी गुपचूप येते! मी ती देवाची कृपा समजत होतो.
भाऊंनी चहाच्या टपरीवरचे चार दांडगे गडी उचलून गाडीत कोंबले. आवाज गायब. उतरवले, पुन्हा खडखड. मग खाली शिरले आणि तिथूनच हसले, "पाटा कोनी टाकला?"
मीच. पोत्यांनी मागची बाजू बसते म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक जास्तीचा लोखंडी पाटा. आमच्याकडे सगळेच टाकतात. त्यानं रिकामी गाडी मागून उचलली जाते, मागची चाकं फिरवणारा शाफ्ट तिरपा होतो आणि त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, झिजतो. "गाडीले बैल समजले का जी तुमी?"
काय माणूस आहे! तळपायानं ओळखलं. मला मास्तर म्हणतात, खरा शिकलेला कोण?

६ नोव्हें.
पाटा काढला. पण क्रॉस पार गेलेला, हातानं हलतो. गोंदियात चार दुकानं पालथी घातली, नाही. बालाघाट, नाही. नागपूरवाला म्हणतो पुढच्या गुरुवारी. सौ. सुनंदा म्हणाली, "विकून टाका ती गाडी." चिडलो, ओरडलो तिच्यावर. नंतर वाईट वाटलं. माय सगळं ऐकत होती. तिनं पिशवी भरून ठेवलीय.

८ नोव्हें.
सकाळी भाऊंचा फोन, गाडी घेऊन या. त्यांच्या परसात अशीच एक गाडी उभी आहे, त्यांची पहिली. कधीतरी पुन्हा चालवणार म्हणतात. सध्या आत कोंबड्या राहतात. तिचा क्रॉस काढून माझ्या गाडीत बसवत होते. मी नको नको म्हणत होतो, मनातून हवाच होता.
"काऊन लाजून राहिले? कोंबड्याइले कुठी जाचं हाये? मावशी वाट पाहून राहिली."
 वर ताकीद: "जुना हाये. चाळीसच्या वर नोको. वाजला का थांबजा."

९ नोव्हें., रवि.
गेलो. चाळीस म्हणजे चाळीसच. आमगाव गेलं, सालेकसा गेलं, गाडी ब्र काढेना. माय दोनदा म्हणाली, "बंद पडली का गा?"
दरेकशाला मायला पाहून मावशीनं डोळे उघडले. दोघी बहिणी पोवारी बोलीत कुजबुजत राहिल्या. मायच्या हातून मावशीनं दोन चमचे पेज घेतली. सकाळपासूनची पहिली. मी बाहेर येऊन रडलो, लिहून ठेवतो.
चारला म्हटलं, निघू. माय म्हणाली, "तू जा. मी रायतो."
एकटाच परतलो, रिकामी गाडी घेऊन. आमगावच्या पुढे सीटखाली काहीतरी बारीक वाजलं. थांबलो. चपला काढून तळपाय टेकवून हळू चालवून पाहिलं. क्रॉस होता की माझी भीती, कळेना. भाऊंचे पाय हवे होते. तीसवर घरी आलो.
नागपूरचा क्रॉस गुरुवारी येईल. मायला आणायला कधी जायचं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.