टाकीचा पंप चालू ठेवावा

मी, खाली सही करणारी, लेथच्या छोट्या कारखान्याची अर्धी मालकीण, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. धाकट्या दिरांना शंका असल्यास त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

१. राहती खोली आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. कारखान्यातला माझा हिस्सा विकावा, असे आधी लिहिले होते, ते फाडले. कापताना धातूवर जे कूलंट सोडतात ते पाण्यात मिसळलेले तेल. टाकीत ते सडले की त्याचे तुषार छातीत जातात. माझे यजमान त्यानेच खोकून खोकून गेले. आता मुलगी त्याच लेथवर उभी राहते आणि तिच्या बोटांना भेगा पडल्या आहेत. मला फार भीती वाटते.

३. दीर, म्हणजे दुसरे अर्धे मालक, मनाने वाईट नाहीत. पण टाकीला वास आला की ती उपसून घासायची सोडून ते तीत फिनेल ओततात. "वहिनी, वास गेला ना? मग झालं," हे त्यांचे ठरलेले उत्तर. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. उरलेली फिनेलची बाटली मी त्यांना देते. ती त्यांनी घरी न्यावी.

४. विकण्याचे कळल्यावर मुलगी भांडली नाही. हात पुसत म्हणाली, "आई, इथून घालवलंस तर मी दुसरीकडे जाऊन लेथच चालवणार. तिथली टाकी कोण बघणार?" म्हणून हिस्सा तिलाच. मात्र टाकीबाबत शब्द तिचाच चालेल, हे दिरांनी कबूल केले आहे. मशीनमधून गळून वर तरंगणारे तेल तिने वेळच्या वेळी काढावे आणि पातळी उतरली म्हणून नुसते पाणी ओतू नये.

५. शोभेच्या माशांच्या काचेच्या पेटीत असतो तसला हवेचा पंप यजमानांनी टाकीत बसवला होता. मशीन बंद असताना तो लावावा लागतो, नाहीतर थांबलेले कूलंट नासते. मी गेले की कारखाना बंद राहील, घरात माणसे जमतील. मुलीने त्यांच्यातून उठून आधी पंप लावून यावे. लोक नावे ठेवतील, ठेवू द्यावीत. हातमोजे घालून जावे. माझ्यासाठी नंतर रडता येईल.

साक्षीदार: शेजारचे सुतार (सही), माझे डॉक्टर (सही)
लिहून ठेवणारी: (सही)
स्थळ: कारखान्यामागची खोली
दिनांक: आजचा, सुट्टीचा वार. पंप चालू आहे, इथवर ऐकू येतो.